डाव्या बाजूची चुणी

१

कामावर निघण्याआधी पट्टीताई रोज सोफ्यावरून एकदा तळहात फिरवायची. आधी डावी बैठक, मग मधली, मग उजवी. कापड ताणायचं, सुरकुत्या मोडायच्या, कडेचा गोट सरळ करायचा. ही घर आवरण्याची हौस नव्हती, कामच होतं. सोफ्यांच्या कारखान्यात ती नमुने कापायची. गळ्यात टेप आणि हातात स्टीलची पट्टी, म्हणून पट्टीताई. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं.

हा सोफा मात्र नवा असून जुना होता. एके काळी गाजलेल्या एका रचनाकारानं तो काढला होता. लांब, बुटका, हात नसलेला, एखाद्या ओंडक्याला शिस्त लावल्यासारखा. आता कारखाना तोच पुन्हा काढत होता, फक्त आतला माल बदलून. पाडलेल्या इमारतींचं लाकूड, रबराच्या झाडाच्या चिकाचा फोम, त्यावर लोकरीचा थर, आणि समुद्रातून ओढून काढलेल्या फाटक्या जाळ्यांच्या धाग्याचं कापड. गाद्या भरणारे मास्तर म्हणायचे, "म्हणजे आता माणसानं कचऱ्यावर बसायचं आणि वर मान ताठ ठेवायची."

कारखान्याची एक पद्धत होती. पहिला नग विकायचा नाही. तो कुणातरी कामगाराच्या घरी तीन-चार महिने वापरायला द्यायचा. कापड कुठं चुरगळतं, शिवण कुठं ओरडते, ते घरातच कळतं. या खेपेला पट्टीताईनं नग मागून घेतला, तो अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे तिचे वडील. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेले. जगातल्या नद्या अजून त्यांच्या जिभेवर होत्या, पण गेल्या वर्षी गॅस चालू ठेवून ते फिरायला निघून गेले होते. तेव्हापासून धाकटा भाऊ हट्टाला पेटला होता की त्यांना वृद्धाश्रमात ठेवू. पट्टीताई अडून बसली. बरीच ओढाताण होऊन शेवटी एकच गोष्ट ठरली, आणि ती भावानं फोनवर तिच्याकडून वदवून घेतली.

"तुला ओळखतात तोवर तुझ्याकडे. ज्या दिवशी ओळखणार नाहीत त्या दिवशी मी गाडी घेऊन येतो. मग रडायचं नाही, ताई."

"नाही रडणार," ती म्हणाली होती.

अण्णांनी सोफ्याचं उजवं टोक धरलं, खिडकीजवळचं. "बसलं की उठायला क्रेन लागेल, चिमणे," एवढीच तक्रार त्यांनी केली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या मुलीला ते अजून चिमणेच म्हणायचे.

२

पहिले काही आठवडे सगळं ठीक चाललं. मग एका संध्याकाळी परत आल्यावर चपला काढता काढता तिची नजर डाव्या बैठकीवर गेली. तिथं खळगा पडला होता.

खळगा तसा पडतोच. पण चिकाच्या फोमचं वैशिष्ट्य हे की तो लगेच उसळून वर येतो. मूठ दाबा, काढा, मुठीची खूणही राहत नाही. आणि हा खळगा चांगला ऐसपैस होता, जड माणसाचा. कापडाच्या सुरकुत्या चहूबाजूंनी त्याच्याकडे धावत होत्या. अण्णा होते काटकुळे, आणि सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला होते.

"कोण आलं होतं, अण्णा?"

"कोण येणार?"

"इथं कोण बसलं होतं?"

अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं, तिच्याकडे पाहिलं, मग डाव्या बैठकीकडे पाहिलं. "कुणी नाही गं," ते म्हणाले. पण म्हणायला त्यांना एक क्षण जास्त लागला, आणि तो क्षण तिला खटकला.

तिनं तळहात फिरवला. खळगा मोडला. हाताला ऊब लागली. पश्चिमेचं ऊन खिडकीतून येतं, तिनं स्वतःला सांगितलं. ऊन सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला पडलं होतं, हे तिच्या लक्षात आलं ते भाजी चिरताना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम डावी बैठक ताणून बसवली, वर हलका ब्रश फिरवून कापडाची लव एका दिशेला पाडली. संध्याकाळी लव विस्कटलेली होती. आणि पुढच्या कडेचा गोट एका जागी झिजायला लागला होता, बोटभर लांबीचा. अंगठ्यानं कुणीतरी घासत बसावं तसा.

चोर नव्हे. चोर येऊन बसत नाही. मग शंकेची पाल चुकचुकली ती भावाच्या नावानं. त्यानं कुणाला तरी लावून दिलं असणार. दुपारी यायचं, म्हाताऱ्याशी गोड बोलायचं, काय आठवतं काय नाही ते बघून जायचं, आणि अण्णांना सांगून ठेवायचं की ताईला कळू देऊ नका.

३

वर्तमानपत्राची गोष्ट घडल्यावर तिची खात्रीच पटली.

अण्णा वर्तमानपत्र कुणाला देत नसत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून होईतो त्याला हात लावायची घरात कुणाची छाती नव्हती. आई हयात असताना यावरून अबोले झाले होते. त्या रविवारी पट्टीताई स्वयंपाकघरातून चहा घेऊन बाहेर आली तर अण्णांनी खेळाचं पान नीट वेगळं केलं, घडी घातली आणि मधल्या बैठकीवर ठेवलं. अक्षरं डावीकडच्या माणसाला सुलट दिसतील अशी.

"हे कुणाला?"

"राहू दे," अण्णा म्हणाले. "मी कुठं खेळाचं वाचतो?"

तिनं भावाला फोन लावला. तो आधी हसला, मग चिडला. तुला सगळीकडे माझाच हात दिसतो, म्हणाला. मला माणसं पाठवायची काय गरज, मी सरळ येऊन घेऊन जाईन. मग त्याचा आवाज एकदम सावध झाला. "ताई, ते एकटेच बोलतात का गं?"

"नाही," ती म्हणाली.

"कुणी आलंय असं सांगतात का?"

"नाही म्हटलं ना. मीच म्हणतेय."

फोन ठेवल्यावर तिला आपल्याच बोलण्याची धास्ती वाटली. उद्या भाऊ म्हणाला, ताई तूच तपासून घे, तर काय उत्तर देणार होती? तिनं ठरवलं की यापुढे ही गोष्ट कुणापाशी काढायची नाही. आणि त्या दिवसापासून घरात पाऊल टाकताच तिची पहिली नजर अण्णांवर न जाता डाव्या बैठकीवर जायला लागली.

४

कारखान्यात तोवर पहिली खेप तयार झाली होती. एक नग दर्शनी दालनात मांडला होता, आणि पट्टीताई जाता-येता त्याच्याकडे बघायची. येणारं गिऱ्हाईक सोफ्याभोवती फेरी मारायचं, लाकडावर टिचकी द्यायचं, आणि बसायचं ते डावीकडे. जोडपं आलं तर दोघांमध्ये डाव्या बाजूसाठी ढकलाढकली व्हायची. बसलं की माणूस जरा गप्प व्हायचं. उठवत नाही, असं बऱ्याच जणांनी बोलून दाखवलं.

एका दुपारी तिनं फडताळातून मांजरपाटाचे मूळ नमुने काढले. सोफ्याची जुनी रेखाटनं कुठंच सापडली नव्हती. सापडला होता तो एकच अस्सल सोफा, गावाच्या दुसऱ्या टोकाला एका घरात, पिढीजात वापरातला. घरच्यांनी तो महिनाभर कारखान्याला दिला होता. उसवायचा नाही या अटीवर. मग पट्टीताईनं प्रत्येक बैठकीवर मांजरपाट अंथरून, टाचण्या लावून, खडूनं खुणा करून माप उतरवलं होतं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मधल्या आणि उजव्या बैठकीचे तुकडे एकमेकांवर तंतोतंत बसले. डाव्या तुकड्याला एक चुणी जास्त होती.

तिला ती चुणी आठवली. मांजरपाट तिथं सपाट बसेना, म्हणून तिनं कापड चिमटीत धरून चुणी घातली होती आणि साहेबांना विचारलं होतं. साहेब या रचनाकाराचे भक्त. त्या माणसानं विनाकारण एक रेघ मारली नाही, म्हणाले, जसं आहे तसं उतरव. तिनं तसं उतरवलं. त्या चुणीवरून फोमचा साचा झाला. आणि त्या साच्यातून एकूण एक डावी बैठक निघाली, मधोमध किंचित खोलगट. डोळ्याला दिसणार नाही, बसलं की कळेल, अशी.

ती चुणी रचनाकाराची नव्हतीच. वर्षानुवर्षं कुणीतरी एकाच जागी बसून फोम दबला होता, तो खळगा होता. त्यांनी सोफ्याबरोबर सोफ्यावर बसणाऱ्याचं माप उतरवलं होतं.

मास्तरांना तिनं दोन्ही तुकडे दाखवले. ते खो खो हसले. "म्हणजे कुठल्यातरी म्हाताऱ्याचं बूड आपण घरोघर पोचवणार म्हण की." मग तिचा चेहरा बघून हसू आवरलं. "अगं, कुणाला कळणारे?"

साहेबांना सांगितल्यावर ते क्षणभर खट्टू झाले. मग खांदे उडवून म्हणाले, लोकांना तीच जागा आवडते ना? राहू दे. ट्रक ठरलेत.

५

दुसऱ्या दिवशी ती जेवणाच्या सुट्टीत न सांगता घरी आली. जिना हळू चढली. किल्ली हातात घट्ट धरली, वाजू नये म्हणून. आपण स्वतःच्याच घरी चोरासारखे येतोय याची तिला लाज वाटली.

दाराआडून अण्णांचं हसणं ऐकू आलं. आई गेल्यापासून ते असं हसले नव्हते. हसणं थांबलं. कुणीतरी बोलत असताना ऐकणारा जेवढा वेळ गप्प राहील तेवढा वेळ गेला. मग अण्णा म्हणाले, "छे छे, तुमचं आपलं काहीतरीच."

तिनं दार उघडलं.

खोलीत लख्ख उजेड होता. अण्णा आपल्या जागी होते, मान डावीकडे वळवून, चेहऱ्यावर हसू तसंच. बाकी कुणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं, आणि दारातून पलीकडची मोरीसुद्धा दिसत होती. लपायला कुठं कोनाडा म्हणून नव्हता.

डावी बैठक वर येत होती.

सावकाश. आधी मागची कड, मग मधला भाग, मग पुढची कड. आदबशीर माणूस कुणी बाई आत आल्यावर हातांवर भार देऊन उठतो, त्या क्रमानं. एकेक सुरकुती उलगडली. शेवटची उलगडताना कापडानं बारीकसा आवाज केला. मग बैठक सपाट झाली.

पट्टीताई दारातच उभी राहिली. चिकाचा फोम असा उठत नाही, तिच्या डोक्यात एवढंच घुमत राहिलं. असा उठत नाही. थंडीत आखडत असेल. ही खेप कच्ची असेल. पण थंडी नव्हती आणि खेप कच्ची नव्हती.

"घाबरवलंस की चिमणे," अण्णा म्हणाले. "आज लवकर?"

ती त्यांच्यापाशी जमिनीवर बसली. हात हातात घेतला. खरं सांगा, म्हणाली, मी रागावणार नाही.

अण्णा नखं न्याहाळायला लागले. "बसतो बिचारा," शेवटी ते म्हणाले. "त्रास नाही काही. तुझ्या भावाला नको सांगू. तो मला वेडा म्हणेल."

"काय बोलतो?"

"काय बोलणार? इकडचं तिकडचं. मला म्हणतो, इकडे या, इथं पाठ छान टेकते. सारखं म्हणतो."

"अण्णा, तिथं बसायचं नाही. माझी शपथ."

"मी कशाला बसू?" अण्णा चिडून म्हणाले. "दुसऱ्याच्या जागेवर बसायची आपल्याकडे पद्धत आहे का?"

त्या रात्री तिनं कापडाचे दोन जड ताके आणून डाव्या बैठकीवर रचले. उद्या सकाळी ती आधी त्या घरी जाणार होती जिथून मूळ सोफा आला होता. तिला फक्त बघायचं होतं, की त्या सोफ्यात खळगा खरंच होता, आपण घातलेल्या चुणीला काही आधार होता. परत येताना हमाल घेऊन येणार आणि हा सोफा उचलून कारखान्यात टाकणार. साहेबांना काय वाटायचं ते वाटो.

६

त्या घरात सून होती, पट्टीताईच्याच वयाची, हसतमुख. तिनं ओळखलं आणि आत घेतलं. मूळ सोफा भिंतीलगत होता. कापड जुनं, गोट डाव्या कोपऱ्यात झिजलेला. पट्टीताईनं विचारायच्या आधीच गुडघे टेकले आणि डाव्या बैठकीवर तळहात ठेवला.

बैठक सपाट होती. तिनं पट्टी आडवी ठेवली. पट्टीखालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

"तुमचे आभारच मानायचे होते," सून म्हणाली. "तुम्ही नीट करून पाठवलात."

"आम्ही हात लावला नव्हता," पट्टीताई म्हणाली. "उसवायचा नाही अशी तुमचीच अट होती."

सुनेचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिनं हातातलं फडकं उगाच घडी करून पुन्हा उलगडलं. मग सांगायला लागली. सासरे तिथं बसायचे, दिवसभर, अंगठ्यानं गोट घासत. ते गेल्यावर तिथं कुणी बसत नसे. का, ते घरात कुणी बोलत नसे. सोफा तुमच्याकडून परत आल्यापासून आम्ही सगळे बसतो. घर हलकं झालंय, ती म्हणाली, आणि लगेच वाईट वाटून थांबली.

"तुमच्याकडे आहे त्या नव्यांतला एक?" तिनं विचारलं.

"आहे."

"घरात वयस्कर कुणी?"

"वडील आहेत."

सून खिडकीकडे वळली. "आमच्या सासूबाई होत्या," ती म्हणाली. "सासरे गेल्यावर वर्षभर त्या या उजव्या टोकाला बसायच्या. मग एक दिवस डावीकडे बसायला लागल्या. त्यानंतर आम्हाला सगळ्यांना अहो-जाहो करायच्या. पाहुण्यांशी बोलावं तसं. डॉक्टर म्हणाले, वय झालं."

पट्टीताईनं पट्टी उचलली की तिथंच राहिली, तिला नंतर आठवेना. रस्त्यावर आल्यावर तिनं हमालांना फोन केला. तासाभरात येतो, म्हणाले. समोरून कारखान्याचे ट्रक एकामागून एक जात होते, ताडपत्र्या घट्ट बांधलेले.

७

जिना ती धावत चढली. या वेळी किल्ली खुशाल वाजू दिली.

कापडाचे ताके जमिनीवर होते, एकावर एक, कडा जुळवून ठेवलेले. अण्णांना त्यातला एकही उचलला नसता.

अण्णा डावीकडे बसले होते.

पाठ मस्त टेकली होती. एक पाय दुसऱ्या पायावर होता. अण्णा कधी पायावर पाय टाकून बसत नसत, शाळेत पोरांनाही बसू देत नसत. मांडीवर खेळाचं पान उघडं होतं. डाव्या हाताचा अंगठा कडेच्या गोटावरून मागं-पुढं फिरत होता. आणि ते काटकुळे अण्णा त्या जड माणसाच्या खळग्यात कुठंही सैल न पडता नीट बसले होते, मापानं शिवल्यासारखे.

"अण्णा," ती म्हणाली.

त्यांनी पान खाली केलं. तिच्याकडे नीट, सभ्यपणे पाहिलं. अण्णांचेच डोळे, अण्णांच्याच भुवया. अनोळखी बाईसाठी आदबशीर माणूस जसा अर्धवट उठतो तसे ते हातांवर भार देऊन अर्धवट उठले.

"ते मघाशीच गेले," ते अण्णांच्या आवाजात म्हणाले. "बसा ना, बाई."

खाली रस्त्यावर हमालांचा टेम्पो येऊन थांबला. पर्समध्ये फोन वाजायला लागला. भाऊ रोज याच वेळेला करायचा. रोज तोच प्रश्न: ओळखतात ना?

पट्टीताईचं लक्ष तिकडे नव्हतं. ती सोफ्याच्या उजव्या टोकाकडे बघत होती, खिडकीजवळच्या. तिथं एक खळगा होता. लहानसा, उथळ, काटकुळ्या माणसाचा. आणि तो सावकाश भरून येत होता. मागची कड वर आली होती. आता मधला भाग हलत होता.

ती पुढं झाली, गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही तळहात त्या खळग्यात ठेवले. अजून ऊब होती. फोम खालून हळूहळू वर रेटत होता. तिनं कोपर ताठ केले, सगळा भार हातांवर टाकला आणि दाबून धरलं.

जिन्यात हमालांची पावलं वाजली. "ताई, कुठला उचलायचा?" दारातून कुणीतरी विचारलं.

"हात लावू नका," ती म्हणाली. "कुणी हात लावू नका." आणि हात उचलले नाहीत.